५० मेगासॅम्पलचे रेकॉर्डिंग आणि ओव्हरफ्लो : प्रकल्प नोंदी

४ जून

काय हवे आहे ते आधी लिहून ठेवतो. जीपीएस एल१, गॅलिलिओ ई१ आणि ग्लोनास एल१ हे दिशादर्शन उपग्रहांचे रेडिओ सिग्नल एकाच फाइलमध्ये, सलग दोन तास, एकही सॅम्पल (सिग्नलचे एक मोजमाप) न गळता. पुढे तेच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर रिसीव्हरमधून (रिसीव्हरचे काम करणाऱ्या प्रोग्रॅममधून) हवे तितक्या वेळा चालवता आले पाहिजे.

मध्य वारंवारता १५९० मेगाहर्ट्झवर, सॅम्पल रेट सेकंदाला ५० मेगासॅम्पल, म्हणजे ५ कोटी सॅम्पल. म्हणजे १५६५ ते १६१५ चा पट्टा हाती येतो. जीपीएस आणि गॅलिलिओ १५७५.४२ वर बसतात, ग्लोनासच्या वाहिन्यांचे मध्य १५९८.०६ ते १६०५.३८ मध्ये. ठीक मधोमध येणारा डीसीचा काटा (उपकरणाचा स्वतःचा खोटा सिग्नल) या दोघांमधल्या रिकाम्या जागेत पडतो, म्हणून हाच मध्य कायम ठेवणार. उपकरण यूएसआरपी बी२१० हा सॉफ्टवेअर रेडिओ, एकच चॅनल, यूएसबी ३ वर. संगणकावर लिनक्स, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी.

आजची स्थिती: जीएनयू रेडिओ या प्रोग्रॅममध्ये सॅम्पल आणणारा सोर्स ब्लॉक थेट फाइल लिहिणाऱ्या फाइल सिंकला जोडला. सुरुवातीला सगळे शांत. पंधरा-वीस सेकंदांनी टर्मिनलवर एक 'ओ', मग 'ओओओ', आणि पुढे रांगच.

'ओ' म्हणजे ओव्हरफ्लो. उपकरण सॅम्पल देत राहिले, संगणकाने ते वेळेत उचलले नाहीत, मधली जागा भरली आणि पुढचे सॅम्पल टाकून द्यावे लागले. स्पेक्ट्रम बघण्यापुरता रेडिओ वापरणाऱ्याला चार-दोन 'ओ'ने काही फरक पडत नाही. इथे पडतो. जीपीएसचा सी/ए कोड, म्हणजे उपग्रह ओळखायची क्रमिका, १०२३ चिपांचा (तुकड्यांचा), तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. ५० मेगासॅम्पलवर एक चिप म्हणजे जेमतेम ४९ सॅम्पल. ५० सॅम्पल गळले की कोरिलेटर (सिग्नल कोडशी जुळवून पाहणारा भाग) एका चिपपेक्षा जास्त सरकतो आणि उपग्रहाची पकड सुटते. एका सॅम्पलच्या वेळात सिग्नल ६ मीटर जातो, तर २०४० सॅम्पलांच्या एका पाकिटाच्या वेळात १२ किलोमीटरहून अधिक.

त्यात नेव्हिगेशन संदेशाचा वेग सेकंदाला ५० बिट. संदेशाचा एक भाग, म्हणजे सबफ्रेम, ६ सेकंदांची, पूर्ण फ्रेम ३० सेकंदांची, आणि उपग्रहाची कक्षा काढायला पहिल्या तीन सबफ्रेम धड मिळाव्या लागतात. दर वीस सेकंदांनी पकड सुटत राहिली तर रिसीव्हर सारखा नव्याने शोध घेत बसेल आणि संदेश कधीच पुरा होणार नाही.

५ जून

साखळी तोडून तपासायला घेतली. उपकरण, यूएसबी, ड्रायव्हर, प्रोग्रॅम, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पेज कॅश, जिथे मजकूर डिस्कवर जाण्याआधी रॅममध्ये थांबतो, फाइल सिस्टिम, डिस्क. यातला कुठलाही टप्पा अडखळला तरी टर्मिनलवर उमटतो तोच एक 'ओ'. त्यामुळे नुसत्या 'ओ'वरून दोष कुठे आहे ते कळत नाही. शेपटाकडून एकेक टप्पा काढत जावे लागते.

आधी यूएसबीची खातरजमा. एलएसयूएसबी या आज्ञेने दिसणाऱ्या झाडात उपकरणासमोर ५०००एम दिसले पाहिजे. ४८०एम दिसले तर जोडणी यूएसबी २ वर घसरलेली असते, आणि मग बाकी तपासण्यात अर्थच नाही: तिथे सैद्धांतिक कमाल सेकंदाला ६० एमबी आणि आपल्याला हवेत २००. इथे ५०००एम आहे. त्याच कंट्रोलरवर एक बाह्य हार्ड डिस्क होती, ती दुसरीकडे हलवली.

मग बेंचमार्क रेट चालवला. हा प्रोग्रॅम सॅम्पल घेतो आणि टाकून देतो, काहीच लिहीत नाही. बराच वेळ चालू ठेवला. 'ओ' आले, पण अगदी विरळ, एकटेदुकटे. त्यानंतर आरएक्स सॅम्पल्स टू फाइल हा नमुना प्रोग्रॅम, नल (काहीच न लिहिण्याचा) पर्याय देऊन: तसेच विरळ. मग फाइल टीएमपीएफएसवर, म्हणजे थेट रॅममध्ये. २० जीबीत शंभर सेकंद मावतात: त्यातही फरक नाही. शेवटी फाइल एसएसडीवर आणि 'ओ'चे घोस सुरू.

म्हणजे दोन वेगळे दोष एकाच अक्षराआड आहेत. एक विरळ, जो डिस्क नसतानाही येतो. दुसरा घोसाघोसाने येणारा, जो डिस्कवर लिहितानाच येतो. दोन्ही स्वतंत्रपणे सोडवायचे. आधी विरळ, कारण तो अंगावर असताना डिस्कची कुठलीच चाचणी स्वच्छ होणार नाही.

७ जून

विरळ 'ओ'चा हिशेब मांडला.

बी२१० चा ड्रायव्हर मुळात १६ फ्रेमची (सॅम्पलांच्या तुकड्यांची) जागा ठेवतो, प्रत्येक फ्रेम ८१७६ बाइटची. एकूण १,३०,८१६ बाइट. तारेवरच्या १६ बिटांच्या फॉरमॅटमध्ये एक सॅम्पल ४ बाइट, म्हणजे सेकंदाला २०० एमबी. भागाकार करा: ०.६५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात जर प्रोग्रॅम पुन्हा सॅम्पल उचलायला आला नाही तर गळती सुरू. उपकरणाच्या आत थोडीफार जागा आहे, पण या गतीला ती फार टिकत नाही.

०.६५ मिलिसेकंद हा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवला आहे. सर्वसाधारण डेस्कटॉप लिनक्समध्ये याहून लांब खोळंबे रोजचेच: दुसरा प्रोग्रॅम त्याच कोअरवर येतो, प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेतून उठायला वेळ घेतो, घड्याळाची गती चढायला वेळ जातो. झोपेच्या प्रत्येक अवस्थेतून बाहेर यायला किती वेळ लागतो ते कर्नल सीपीयूआयडलच्या फाइलींमध्ये मायक्रोसेकंदांत सांगतो. वरच्या अवस्थांना अगदी थोडा, गाढ अवस्थांना काहीशे. ०.६५ मिलिसेकंदांच्या बजेटात असे काहीशे मायक्रोसेकंद फार महाग.

केलेले बदल:

नम-रिसीव्ह-फ्रेम्स, म्हणजे ड्रायव्हरच्या फ्रेमची संख्या, १६ वरून १०००. आता ८.२ एमबी, म्हणजे ४१ मिलिसेकंदांची उसंत. इथे एक मर्यादा लक्षात ठेवायची: लिनक्समध्ये यूएसबीएफएसची (यूएसबीसाठी कर्नल देतो ती) मेमरी मुळात १६ एमबीच असते. त्यापलीकडे फ्रेम मागितल्या तर ड्रायव्हर मेमरी नाही म्हणून तक्रार करतो. तेव्हा यूएसबीकोअरच्या पॅरामीटरमध्ये ती वाढवावी लागते. १००० फ्रेमना गरज पडत नाही.

सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरची गती ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर. गाढ झोपेच्या अवस्था रेकॉर्डिंगपुरत्या बंद.

सुरुवातीला ड्रायव्हर 'थ्रेडची प्रायॉरिटी लावता आली नाही' असा इशारा देत होता (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा). बरेच जण तो वाचून पुढे जातात. लिमिट्सच्या फाइलमध्ये ग्रुपला रिअल-टाइम प्रायॉरिटीची परवानगी दिली, इशारा गेला.

बेंचमार्क रेट पुन्हा लावून रात्रभर सोडला. एकही 'ओ' नाही. यातला सर्वांत मोठा वाटा फ्रेम वाढवण्याचा असणार असे माझे मत, कारण ०.६५ चे ४१ झाले म्हणजे साठपटीहून जास्त. बाकीचे बदलही ठेवले.

८ जून

फॉरमॅटचा छोटा पण महत्त्वाचा बदल. जीएनयू रेडिओचा सोर्स मुळात कॉम्प्लेक्स फ्लोट देतो: एका सॅम्पलला ८ बाइट, सेकंदाला ४०० एमबी. उपकरणातला कन्व्हर्टर १२ बिटांचा. आय आणि क्यू (सॅम्पलचे दोन भाग) मिळून २४ बिटांचा खरा ऐवज ६४ बिटांत पसरून डिस्कवर लिहायचा, हे पटण्यासारखे नाही. फाइल १६ बिट पूर्णांकांत घेतली. भार निम्मा. फ्लोट हवे तर नंतर, निवांत, वाचताना करता येते.

घोस कमी झाले, गेले नाहीत.

१० जून

आज डिस्क. हाच दिवस सर्वांत जास्त शिकवून गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

डीडी या आज्ञेने शून्ये लिहून मोजले तर वेग प्रचंड दिसतो. ते मोजमाप बाद धरायला हवे: सिंक करायला सांगितले नाही तर डीडी पेज कॅशचा वेग मोजतो, डिस्कचा नव्हे. एफआयओ या चाचणी प्रोग्रॅमने, डायरेक्ट आयओ (पेज कॅश वगळून लिखाण) लावून, यादृच्छिक मजकूर, सलग लिखाण, कित्येकशे जीबी, असे चालवले आणि सरासरीऐवजी दर सेकंदाचा वेग फाइलमध्ये घेतला.

आलेख काढल्यावर चित्र स्पष्ट झाले. सुरुवातीला वेग २०० एमबीच्या कित्येक पट. काही वेळाने एकदम पायरी उतरते. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडी आपल्या सेलचा काही भाग एकबिटी पद्धतीने वापरून तिथे आधी झपाट्याने लिहितात. तो भाग भरला की थेट तीन-चार बिटांच्या सेलमध्ये लिहावे लागते आणि त्याच वेळी आधीचा माल आत हलवावा लागतो. पायरीनंतरही सरासरी २०० च्या वरच होती. पण त्या सरासरीच्या आत खड्डे होते. अधूनमधून सेकंदभर, कधी त्याहून जास्त, वेग जवळजवळ शून्यावर.

सरासरी बघून ही डिस्क पुरेशी आहे असेच कोणीही म्हणेल. सेकंदाला २०० एमबी हवेत, त्याहून जास्त मिळतात. पण रेडिओ थांबत नाही. एक सेकंदाचा खड्डा म्हणजे २०० एमबी कुठेतरी साठवता आले पाहिजेत, आणि ड्रायव्हरकडे जागा ८.२ एमबी. या संपूर्ण कामात विचारायचा प्रश्न 'डिस्क किती वेगवान' हा नाहीच. 'सर्वांत लांब खोळंबा किती, आणि तेवढा वेळ सॅम्पल कुठे थांबणार' हा आहे.

मग मनात आले की पेज कॅश कशासाठी आहे? ३२ जीबी रॅम आहे, खड्डे त्यातच भरून निघायला हवेत. निघत नाहीत, त्याचे कारण लिनक्सच्या दोन मर्यादांत आहे. न लिहिलेली पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की कर्नल मागे लिहायला लागतो. २० टक्क्यांकडे जाऊ लागली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच अडवतो. माझ्याकडे उपलब्ध मेमरी ३० जीबीच्या आसपास. १० टक्के म्हणजे ३ जीबी, ते २०० एमबीने १५ सेकंदांत भरतात. पहिले पंधरा-वीस सेकंद सगळे शांत का असते याचा उलगडा इथे झाला. फ्लोट लिहीत होतो तेव्हा दुप्पट वेगाने भरून प्रोग्रॅम अडवण्याची वेळही साधारण तिथेच येत होती.

अडवल्यावर काय होते? नमुना प्रोग्रॅममध्ये सॅम्पल घेणे आणि फाइलमध्ये लिहिणे एकाच थ्रेडमध्ये, एका लूपमध्ये आहे. राइट परत येईपर्यंत रिसीव्ह होत नाही. कर्नलने राइटला २०० मिलिसेकंद अडवले की ४१ मिलिसेकंदांची उसंत कधीच संपलेली असते. नमुना म्हणून तो प्रोग्रॅम उत्तम आहे, वाचायला सोपा आहे. दोन तासांचे रेकॉर्डिंग हे त्याचे काम नव्हे.

डर्टी रेशोचे, म्हणजे वरच्या १० आणि २० टक्क्यांचे, आकडे वाढवून पाहिले. दोष पुढे ढकलला जातो. लांब साठवण झाली की मागे लिहिण्याचा झटकाही तितकाच मोठा येतो.

१३ जून

स्वतःचा रेकॉर्डर लिहायला घेतला, सी++ मध्ये. रचना मुद्दाम साधी.

दोन थ्रेड, मध्ये ८ जीबीची रिंग (गोल फिरून पुन्हा पुन्हा वापरायची मेमरी). पहिला थ्रेड फक्त रिसीव्ह करतो, थेट रिंगच्या मेमरीत. त्यात दुसरे काही नाही: छापणे नाही, फाइल नाही, मेमरी मागणे नाही. दुसरा थ्रेड रिंगमधून ४ एमबीचे तुकडे उचलून डिस्कवर लिहितो. ८ जीबी म्हणजे ४० सेकंदांचे सॅम्पल. १० जूनच्या आलेखातला सर्वांत वाईट खड्डा याच्या जवळपासही नव्हता.

रिंगची मेमरी सुरुवातीलाच एकदा पूर्ण लिहून काढतो आणि एमलॉक करतो, म्हणजे ती रॅममधून हलत नाही. मागितलेली मेमरी लिनक्स प्रत्यक्षात पहिल्या स्पर्शाला देतो. हे आधी केले नाही तर पहिली फेरी होईपर्यंत रिसीव्ह करणारा थ्रेडच दर पानाला कर्नलमध्ये जाऊन येतो.

डिस्कवर डायरेक्ट आयओ, पेज कॅश वगळून. आता साठवण माझ्या रिंगमध्ये आहे आणि तिची मर्यादा मला माहीत आहे, त्यामुळे मध्ये दुसऱ्या कोणाची साठवण नको. डायरेक्ट आयओला पत्ता आणि लांबी ४०९६ च्या पटीत लागते. एका पाकिटात २०४० सॅम्पल, म्हणजे ८१६० बाइट. ते ४०९६ च्या पटीत बसत नाहीत. म्हणून रिंगमध्ये सॅम्पल एकाला एक चिकटून ठेवतो आणि वेळेची माहिती वेगळ्या छोट्या रांगेत. फाइलची जागा फॅलोकेटने आधीच राखून ठेवतो. रेकॉर्डिंगपूर्वी ट्रिम (रिकामी जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालवतो आणि डिस्कचा निदान पाव भाग रिकामा ठेवतो, नाहीतर वेगवान भाग सुरुवातीलाच आक्रसलेला मिळतो.

दोन्ही थ्रेड वेगवेगळ्या कोअरवर बांधले.

एक तास चालवले. 'ओ' नाही.

१४ जून

'ओ' दिसला नाही एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. रेकॉर्डिंग अखंड आहे हे फाइलमधूनच सिद्ध झाले पाहिजे. उपग्रहांचे सिग्नल नॉइजच्या खाली असतात; स्पेक्ट्रमच्या धबधब्यावर (वेळेनुसार सरकणाऱ्या चित्रावर) पाहिले तर शंभर ठिकाणी कापलेली फाइल आणि अखंड फाइल अगदी सारखीच दिसते.

ड्रायव्हर प्रत्येक रिसीव्हबरोबर पहिल्या सॅम्पलची वेळ देतो. मास्टर क्लॉक ५० मेगाहर्ट्झ ठेवले आहे, म्हणून एक टिक म्हणजे बरोबर एक सॅम्पल. वेळ अपूर्णांकी सेकंदांत न धरता टिकांत धरतो. मागच्या तुकड्याची टिक अधिक त्यातले सॅम्पल बरोबर पुढच्याची टिक. तसे नसेल तर जो फरक येईल तेवढेच सॅम्पल गळले, एकही कमी-जास्त नाही.

तपासणी खरी ठरते का ते पाहायला रिसीव्ह थ्रेडमध्ये मुद्दाम १०० मिलिसेकंदांची झोप घातली. ४१ मिलिसेकंद बफरमध्ये मावले, उरलेले गळाले. नोंदीत ६० मिलिसेकंदांच्या आसपास खंड आला. हिशेब जुळला याचा आनंद झाला.

मग तोच तुकडा सॉफ्टवेअर रिसीव्हरमधून चालवला आणि एका उपग्रहाचा कोड फेज (कोडची सुरुवात कुठे पडते ते) मिलिसेकंदागणिक काढला. खंडापर्यंत हळुवार तिरपी रेघ, डॉप्लरने द्यावी तशी. खंडावर थेट उडी, आणि त्यापुढे नुसता विखुरलेला नॉइज, कारण पकड सुटलेली. नव्याने शोध घेतल्यावर रेघ पुन्हा तशीच तिरपी, पण वेगळ्या उंचीवर.

यात एक सापळा आहे. कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा येत असल्याने ५०,००० सॅम्पलांच्या पटीच्या अगदी जवळचा खंड पडला तर कोड फेज जवळपास हलतच नाही. पकड टिकून राहते आणि बिटांच्या सीमा मात्र पूर्ण मिलिसेकंदांनी सरकतात. केवळ रिसीव्हरच्या पकडीवरून अखंडता ठरवू नये. टिकांची तपासणी हवीच.

१६ जून

खंड पडलाच तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवले. लिहिणारा थ्रेड रांगेतल्या टिका बघतो आणि जितके सॅम्पल गळले तितकी शून्ये भरतो. फाइलचा काळ त्यामुळे मोडत नाही. जोडीला सिगएमएफ या सिग्नल-रेकॉर्डिंगच्या फॉरमॅटची मेटाडेटा फाइल: फॉरमॅट, सॅम्पल रेट, मध्य वारंवारता, आणि शून्यांच्या प्रत्येक पट्ट्यावर सुरुवात व लांबी सांगणारे ॲनोटेशन. खंडागणिक नवा कॅप्चर सेगमेंट करून ग्लोबल इंडेक्स देणे हा दुसरा मार्ग सिगएमएफमध्ये आहे, आणि कमी जागा घेतो. पण बरेच रिसीव्हर फाइल एका दमात वाचतात, सेगमेंट बघत नाहीत. या कामाला शून्ये बरी.

शून्ये भरलेल्या फाइलवर रिसीव्हर चालवताना मात्र काळजी लागते. कोड लूपचा (कोडवरची पकड टिकवणाऱ्या भागाचा) डिस्क्रिमिनेटर अर्ली आणि लेटची, म्हणजे कोड जरा आधी आणि जरा नंतर धरून मिळणाऱ्या जुळणीची, वजाबाकी त्यांच्या बेरजेने भागतो. शून्यांच्या पट्ट्यात दोन्ही शून्य, आणि भागाकारातून निघणारा अर्थहीन आकडा लूपमध्ये शिरून तो कायमचा बिघडतो. म्हणून ॲनोटेशन वाचून त्या पट्ट्यात लूप गोठवले: मागच्याच वेगाने पुढे सरकायचे, दुरुस्ती करायची नाही. १४ जूनचाच खंड शून्ये भरून पुन्हा चालवला. कॅरियर लूपला (वाहक लहरीवरची पकड टिकवणाऱ्या भागाला) स्थिरावायला थोडा वेळ लागला, पण कोड फेजची रेघ जिथे असायला हवी तिथेच निघाली आणि बिटांच्या सीमाही जागच्या जागी राहिल्या.

१९ जून

पूर्ण दोन तास, १६ बिट. ३६० अब्ज सॅम्पल, १४४० जीबी. टिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, शून्यांचा एकही पट्टा नाही. फाइलची लांबी बाइटला बाइट जुळली.

रेकॉर्डर आता रिंगची सर्वोच्च पातळीही नोंदवतो, आणि माझ्या मते यातली सर्वांत कामाची नोंद तीच. दोन तासांत रिंग एकदा दोन सेकंदांपर्यंत, म्हणजे ४०० एमबीपर्यंत भरली. ४० सेकंदांच्या जागेत हे काहीच नाही, पण ड्रायव्हरच्या ४१ मिलिसेकंदांसमोर ते पन्नासपट आहे. ती भर दुसऱ्या तासातली. एनव्हीएमईचे तापमान तेव्हा बरेच चढले होते. तापल्यावर या डिस्क आपणहून वेग कमी करतात. उष्णता बाहेर टाकणारा पत्रा आणि वारा दिल्यावर पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वोच्च पातळी खाली आली.

२१ जून

८ बिटांचा विचार. नॉइजखालच्या सिग्नलला जास्त बिट लागत नाहीत. एकच बिट ठेवला तर सिग्नलचे सुमारे २ डीबी जातात, दोन बिट ठेवले तर अर्ध्या डीबीच्या आसपास. तारेवर ८ बिट घेतले तर सेकंदाला १०० एमबी, दोन तासांचे ७२० जीबी. मात्र गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) नीट चढवावा लागतो, म्हणजे नॉइज काही पायऱ्या तरी भरेल.

ओव्हरफ्लोवर उपाय म्हणून हे सुचवले जाते, ते तितकेसे खरे नाही. भार निम्मा होतो आणि तेवढ्याच बफरात दुप्पट वेळ मावतो: ०.६५ चे १.३ मिलिसेकंद. दोन सेकंदांच्या खोळंब्याला दोन्ही सारखेच अपुरे. रिंग असताना ८ बिट डिस्कची जागा वाचवतात, त्यासाठी ते जरूर घ्यावेत. लांब रेकॉर्डिंग ८ बिटांत करणार. जवळपास जोरदार हस्तक्षेप असेल आणि त्याचाच अभ्यास करायचा असेल तर १६, कारण तिथे उरलेल्या बिटांचा उपयोग आहे.

२४ जून

रेकॉर्डरमध्ये दोन गोष्टी घातल्या. रिंग अर्धी भरली की इशारा छापतो, लिहिणाऱ्या थ्रेडमधून. आणि सिगएमएफच्या वर्णनात रिंगची सर्वोच्च पातळी, ड्रायव्हरच्या फ्रेमची संख्या आणि कर्नलची आवृत्ती प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर जाते.

पुढचे काम: दोन अँटेना, दोन चॅनल, प्रत्येकी २५ मेगासॅम्पल. दोन चॅनलांना मास्टर क्लॉकची मर्यादा ३०.७२ मेगाहर्ट्झ, म्हणून २५ बसते. एकूण भार तोच २०० एमबी. मध्य मात्र नव्याने निवडावा लागेल, कारण २५ मेगाहर्ट्झमध्ये जीपीएस आणि ग्लोनास एकत्र मावत नाहीत.